महिन्याला ४० हजार पाकिटांची ऑर्डर आली आहे. घ्यावी का?

भाकरतुकडा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

सोलापुरात आमचा शेंगा चटणीचा धंदा आहे. अण्णांनी २००४ साली घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका डंकावर, म्हणजे मुसळाने कुटायच्या यंत्रावर, सुरू केला. आज दोन डंके, एक भट्टी, अकरा बायका आणि एक टेम्पो आहे. गेल्या वर्षीची उलाढाल १ कोटी ४० लाख. महिन्याला २०० ग्रॅमची तेरा-चौदा हजार पाकिटं जातात. काही आमच्या दुकानातून, बाकी सोलापूर, लातूर, पुण्याच्या साठेक किराणा दुकानांतून. डोक्यावर कर्ज एक रुपयाचं नाही. 'उधारीवर दाणे घ्यायचे नाहीत' हा अण्णांचा नियम, तो आजतागायत मोडलेला नाही.

धाकटा भाऊ आठ वर्षं हिंजवडीत होता, दोन वर्षांपूर्वी परत आला. दहा मिनिटांत घरी सामान पोचवणाऱ्या एका ॲपशी त्याने बोलणी केली आहेत. पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूरु मिळून महिन्याला ४० हजार पाकिटं. शिवाय त्याच्या ओळखीतले एक गुंतवणूकदार २० टक्के हिश्शाच्या बदल्यात २ कोटी द्यायला तयार आहेत.

अण्णा नाही म्हणतात. भाऊ म्हणतो, आता नाही तर कधीच नाही. हिशेब मी बघते, त्यामुळे दोघंही माझ्याकडे बघतात. तुमच्यापैकी कोणी असं वाढून पाहिलंय का? काय झालं?

उंटावरून
आधी चार पाकिटं नमुन्यादाखल पाठवा, मग धोरणात्मक सल्ला देतो.

कोथरूडची_मावशी
अभिनंदन गं! घेऊन टाक. आपली माणसं इथेच कच खातात. मोठी ऑर्डर आली की घाबरतात.

यंत्रमाग
मावशी, सोलापूरच्या माणसाला ऑर्डरीचं कौतुक सांगू नका. आमच्या घरात तीन पिढ्या टॉवेल. चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. खाली माग अर्धे बंद आहेत.

मोठ्या ऑर्डरीचा किस्सा सांगतो. परदेशी माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठी वडिलांनी चोवीस माग वाढवले. सुताचा भाव ऑर्डर घेताना एक, माल काढताना दुसरा. टॉवेलचा दर मात्र ठरलेला. सहा महिने रात्रंदिवस माग चालले, गल्लीत सगळ्यांना वाटायचं यांचं काय जोरात चाललंय. त्या सहा महिन्यांत आम्ही आईच्या पाटल्या मोडल्या. तुमचा दाणा म्हणजे आमचं सूत. दाण्याचा भाव वाढला तर तुमचा दर वाढवून मिळणार का, हे आधी बघा.

बे_एके_बे
का बे यंत्रमाग, पहिल्याच पानावर रडवतो का बे!

जमाखर्च
मी सीए आहे, ठाण्यात. भावनेच्या आधी आकडे. भाकरतुकडा, एका पाकिटाचा हिशेब टाकता का? एमआरपीपासून सुरू करा आणि शेवटच्या रुपयापर्यंत या. दुसरं, खरेदीच्या ऑर्डरीवर नेमकं कोणाचं नाव आहे ते बघून सांगा. ॲपचं की आणखी कुठल्या कंपनीचं?

न्यूजर्सीकर
इथल्या इंडियन ग्रोसरीत सोलापुरी चटणी म्हणून जे मिळतं ते दाण्याच्या कुटात लाल रंग घातल्यासारखं असतं. तुम्ही एक्स्पोर्ट का करत नाही?

बे_एके_बे
चटणी कुटाची नसतेच मुळी. मुठीत दाबली की गोळा झाला पाहिजे आणि बोटाला तेल लागलं पाहिजे. वर घट्ट दही आणि कडक भाकरी. बाकी सगळं पुण्यातलं.

कोथरूडची_मावशी
पुण्याला मध्ये आणायचं कारण नव्हतं.

भाकरतुकडा
सगळ्यांचे आभार. जमाखर्च ताई, हा घ्या हिशेब.

एमआरपी १२०. आतला ५ टक्के जीएसटी काढला की ११४ रुपये ३० पैसे. ॲपचं मार्जिन आणि बाकीची कापाकापी धरून ४० जातात, राहिले ७४. माल (दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ) ३२, पाऊच-लेबल ५, मजुरी ८, खोकं आणि गोदामापर्यंतची गाडी ६. झाले ५१. उरतात २३. भावाने फळ्यावर लिहून ठेवलंय, २३ गुणिले ४०,००० = ९ लाख २० हजार. दर महिन्याला.

ऑर्डरीवर ॲपचं नाव नाही, मधल्या एका घाऊक कंपनीचं आहे. पैसे माल जमा झाल्याच्या नोंदीपासून ४५ दिवसांनी.

डार्कस्टोअर
आयडी बघून ओळखलं असेलच, डार्क स्टोअर म्हणजे या ॲपांची शहरातली गोदामं. अशाच एका कंपनीत तीन वर्षं खाद्यपदार्थ विभागात होतो, त्यामुळे नाव न घेता लिहितो.

फळ्यावर दोन ओळी कमी आहेत. पहिली जाहिरातीची. ॲपवर 'चटणी' टाइप केल्यावर तुमचं पाकीट पाचव्या ओळीत दिसलं तर ते नसल्यात जमा आहे. वर दिसायला पैसे मोजावे लागतात, आणि ते मार्जिनपेक्षा वेगळे. नवीन ब्रँडला पहिले सहा महिने तर मोजावेच लागतात. दुसरी ओळ परतीची. मुदत संपत आलेला, फुटलेला, न खपलेला माल तुमच्या खात्यावर वजा होतो. गोदामात माल उतरवून घेतानाच मुदतीचा ठरावीक हिस्सा शिल्लक आहे का ते बघतात, नसेल तर गाडी परत. तुमच्या चटणीची मुदत किती?

आणि ४० हजार ही ऑर्डर नाही, अंदाज आहे. आम्ही असेच आकडे सांगायचो. पहिल्या महिन्यात गोदामं भरायला मोठी ऑर्डर निघते. दुसऱ्या महिन्यापासून जेवढं खपलं तेवढंच. पहिल्या महिन्याचा आकडा बघून लोक मशिनरी बुक करतात.

उंटावरून
म्हणजे लग्नात पहिल्या पंगतीचं जेवण बघून रोजचा स्वयंपाक ठरवायचा.

चाकणवासी
डार्कस्टोअर यांना +१.

आमचं वाहनांचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप. एकाच गिऱ्हाइकाकडे आमचा ८२ टक्के माल जायचा. गिऱ्हाईक मोठं, पैसे वेळेवर, मान भरपूर, दिवाळीला मिठाई. २०१९ मध्ये गाड्यांची विक्री बसली. त्यातच एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे नवे नियम) लागू होणार होतं, म्हणून जुन्या भागांच्या ऑर्डरी आधीच आटत चालल्या होत्या. त्यांनी आमच्याशी काही वाईट वागणूक केली नाही. फक्त एका सोमवारी आलेल्या वेळापत्रकात महिन्याच्या अठरा हजार नगांऐवजी पाच हजार लिहिलं होतं. सीएनसी मशीनचा हप्ता मात्र अठरा हजारांच्या हिशेबाने सुरू.

भाकरतुकडाताई, ७४ रुपये गुणिले ४० हजार म्हणजे २९ लाख ६० हजार. तुमची आजची महिन्याची विक्री पावणेबारा लाखांच्या आसपास. ऑर्डर घेतल्यावर शंभरातले बहात्तर रुपये एका दारातून येणार. ते दार बंद झालं तर काय, याचं उत्तर आधी लिहून काढा. आमच्याकडे नव्हतं.

स्पष्टवक्ता
मराठी माणूस धंद्यात मागे का, याचं उत्तर हा धागा वाचून मिळालं. सगळे घाबरवतायत. गुजराती असता तर ऑर्डर घेऊन दुसरीच्या मागे लागला असता.

यंत्रमाग
हा प्रतिसाद दर धंद्याच्या धाग्यावर दहाव्या नंबरला येतो. आज तेरावा आला, उशीर झाला.

स्पष्टवक्ता
लक्ष्मणराव किर्लोस्करांनी असा विचार केला असता तर औंध संस्थानातल्या माळरानावर १९१० साली कारखाना उभा राहिला असता का?

जुनापेन्शनर
उदाहरण तुमचं, पण ते तुमच्याच विरोधात जातं. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. मागणी हळूहळू तयार झाली. त्याआधी बेळगावला १८८८ पासून सायकलचं दुकान होतं. बावीस वर्षं दुकान, कडबा कापायची यंत्रं, नांगर, असं करत करत मग किर्लोस्करवाडी. 'उडी मारली' असं आपण मागाहून म्हणतो.

स्पष्टवक्ता
बेळगावातून हलावंच लागलं होतं, वेळ घेऊन ठरवलेलं नव्हतं ते.

संपादक मंडळ
मराठी-गुजराती चर्चेसाठी स्वतंत्र धागे (सात) उपलब्ध आहेत. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

अन्नतंत्र
मुदतीचा मुद्दा पुढे नेतो, माझा विषय आहे.

शेंगा चटणी दिसते साधी, पण फार नाजूक माल. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. डंकावर मुसळ वरून पडतं, दाणा ठेचला जातो, तेल सुटतं आणि चटणी ओलसर, जरा भरड राहते. उत्पादन वाढवायचं म्हटलं की सगळे आधी पल्व्हरायझर (भुकटी करायचं यंत्र) घेतात. त्यात माल तापतो. तापलेलं तेल आणि हवा एकत्र आली की वीस-पंचवीस दिवसांत खवट वास सुरू. चवही बदलते, कारण भुकटी होते. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, पुढच्या वेळी दुसरं पाकीट उचलतं.

त्यामुळे तुम्हाला ४० हजारांसाठी डंकेच वाढवावे लागतील, किंवा ज्यात माल तापत नाही असं काही शोधावं लागेल. पाऊच कुठला वापरता? साधा पारदर्शक असेल तर बदला. धातूचा थर असलेला घ्या आणि भरताना आत नायट्रोजन सोडा. भट्टीवर दाणा किती भाजला हे आज तुमच्याकडे कोण ठरवतं?

भाकरतुकडा
आई. वासावर.

अन्नतंत्र
वाटलंच होतं. चौपट माल म्हणजे चार आया लागतील. किंवा आईचा वास तापमान आणि मिनिटांत उतरवून घ्यावा लागेल. एक वही घ्या, महिनाभर दर घाण्याला किती दाणे, किती वेळ, आई 'आता काढा' कधी म्हणाल्या, हे लिहा. पावसाळ्यातला दाणा वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा. दाण्याच्या प्रत्येक लॉटची ओल आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) तपासून घ्या. महिन्याला चौदा हजार पाकिटांत एक खराब पोतं पचून जातं. ४० हजारांत तेच पोतं चार शहरांत पोचतं.

कोथरूडची_मावशी
आईचा वास वहीत उतरवायचा! वाचून गलबललं.

पोहेवाली
सगळे एकाच शेडमध्ये का वाढवायला बघताय? लिज्जत बघा. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. आजही बायका केंद्रावरून पीठ घरी नेतात, लाटून दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात. कारखाना नाही आणि पसारा देशभर. सोलापुरात घराघरात चटणी येते. विडी कामगार बायका आहेतच, घरी बसून काम करायची सवय आहे.

अन्नतंत्र
पापड आणि चटणीत फरक आहे. पीठ एका जागी मळलं जातं, म्हणून चव एकच राहते. बायका फक्त लाटतात. इथे भाजणं आणि कुटणं हीच चव आहे, तीच घरोघर वाटली तर घरागणिक चटणी वेगळी होईल. लसूण सोलणं, पाकीट भरणं बाहेर देता येईल. पण भरणं बाहेर दिलं की स्वच्छतेचा प्रश्न येतो. म्हणजे उरला लसूण.

पोहेवाली
बरं. लसूण तर लसूण.

बे_एके_बे
इतक्या लसणाच्या हिशेबात पहिल्यांदाच कोणीतरी बायकांची मजुरी धरली. ८ रुपये म्हणालात ना पाकिटाला? ती वाढणार आहे का, की बायकाच फक्त वाढणार?

भाकरतुकडा
हा प्रश्न घरात कोणीच विचारला नव्हता. आज रात्री विचारते.

द्राक्षबाग
नाशिकहून. भांडवलाचं बोलायचं तर सह्याद्री फार्म्सचं उदाहरण जवळून पाहिलंय. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. त्या वर्षी आमच्या पट्ट्यात घरोघर सुतक होतं. त्याच सुमारास मोहाडीला विलास शिंदे यांनी शेतकऱ्यांची कंपनी उभी करायला घेतली. तपासण्या, पॅकहाउस, शीतगृह, प्रक्रिया, सगळं एकेक करत. परदेशी गुंतवणूकदारांचे ३१० कोटी आले ते २०२२ मध्ये, म्हणजे दशकभर पाया घातल्यावर. पैसा वाईट नसतो. तो कुठल्या वर्षी येतो ते महत्त्वाचं. नड असताना आलेला पैसा अटी घेऊन येतो.

भांडवल
गुंतवणूकदारांच्या बाजूने कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो, मी त्याच गल्लीतला.

२ कोटींना २० टक्के म्हणजे पैसे आल्यानंतर कंपनीची किंमत १० कोटी धरली. १ कोटी ४० लाखांच्या उलाढालीला सातपट. ही चटणीची किंमत नाही. पाच-सात वर्षांत कंपनी दहापट होईल या आशेची किंमत आहे. तुम्हाला दहापट व्हायचं नसेल तर हे पैसे घेऊ नका, दोघांचाही वेळ जाईल. आम्हाला व्याज नको असतं, आम्हाला बाहेर पडायचं असतं. म्हणजे कंपनी कोणाला तरी विकणं किंवा शेअर बाजार. अण्णांना हे कोणी सांगितलंय का?

अटींच्या कागदात एक ओळ नक्की शोधा: कंपनी विकली तर आधी पैसे कोणाला. समजा पुढे कंपनी ४ कोटींनाच विकली गेली. २० टक्क्यांप्रमाणे त्यांचे ८० लाख होतात असं तुम्हाला वाटेल. पण 'आधी आमचे २ कोटी, मग उरलेल्यातही २० टक्के' अशी अट असेल तर ते २ कोटी ४० लाख नेतील. तुम्हा सगळ्यांना मिळून १ कोटी ६० लाख. दोन्ही 'वीस टक्के'च.

उंटावरून
हे वाचून मी माझी (नसलेली) कंपनी विकायचा बेत रद्द केला.

जमाखर्च
भांडवल यांचा प्रतिसाद वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

आता फळा पुन्हा लिहूया. डार्कस्टोअर, जाहिरात आणि परतीचे पाकिटामागे किती धरू?

डार्कस्टोअर
पहिल्या वर्षी जाहिरात ११ धरा. परती ४, तेही माल चांगला असेल तर.

जमाखर्च
ठीक. २३ मधून १५ गेले, राहिले ८. गुणिले ४० हजार म्हणजे ३ लाख २० हजार. भाकरतुकडा, नवीन जागा, नवीन भट्टीचा हप्ता, देखरेखीचा माणूस, वीज, याचा अंदाज काय?

भाकरतुकडा
चिंचोळी एमआयडीसीत गाळा बघितलाय, भाडं ४५ हजार. भट्टी आणि डंक्यांचा हप्ता ७०. सुपरवायझर आणि एक संगणकावरची मुलगी ५०. वीज ३५. दोन लाख.

जमाखर्च
राहिले १ लाख २० हजार. आता अडकणारा पैसा. दाणे रोखीने घेणार, वीसेक दिवसांचा साठा. कुटणं, भरणं, गाडी यांत दहा दिवस. नोंदीनंतर ४५ दिवस आणि 'आज बिल अडकलंय'चे आणखी दहा. पंच्याऐंशी दिवस. महिन्याचा खर्च २० लाख ४० हजार, म्हणजे पंचावन्न-साठ लाख कायमचे बाहेर. साडेदहा टक्क्यांनी बँकेचं व्याज धरलं तर महिन्याला साधारण ५२ हजार.

उरतात ६८ हजार.

उंटावरून
नऊ लाख वीस हजारांवरून अडुसष्ट हजारांवर यायला या धाग्याला एक दिवस लागला. भावाला सांगा, फळा पुसून घे.

स्पष्टवक्ता
पण तोटा तर नाही ना! शिवाय ब्रँडचं नाव चार शहरांत झालं. जाहिरात पुढे कमी होईलच की.

जमाखर्च
मुद्दा बरोबर आहे, टिंगल करत नाही. जाहिरात ११ वरून ६ वर आली तर महिन्याचे दोन लाख वाढतात आणि धंदा चांगलाच म्हणावा लागेल. पण परती ४ वरून ६ झाल्या तर ८० हजार जातात आणि अडुसष्ट हजारांच्या जागी तोटा. या धंद्यात नफा दोन रुपयांच्या फटीत बसलाय. किती काळ त्या फटीत उभं राहता येईल, हे घरात असलेल्या पैशावर ठरतं.

थोडं कायद्याचं. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) असेलच. नसेल तर आजच करा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्यात २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) हे कलम आणलं. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. म्हणून विचारलं होतं, ऑर्डरीवर नाव कोणाचं. मधली घाऊक कंपनी असेल तर तीच तुमची ऋणको. ॲप कितीही मोठं असलं तरी तुमचे पैसे त्या मधल्या कंपनीच्या तब्येतीवर. तिचा ताळेबंद काढून बघा, कंपनी खात्याच्या पोर्टलवर थोडी फी भरून मिळतो.

चाकणवासी
ताई, कायदा आहे, पण थकलेल्या बिलांच्या सरकारी पोर्टलवर गिऱ्हाइकाविरुद्ध अर्ज टाकला की दुसऱ्या दिवशी ऑर्डर थांबते. आम्ही कोणीच टाकत नाही. त्यापेक्षा खरेदीदार ट्रेड्सवर (बिलावर आधीच पैसे मिळवायच्या ऑनलाइन मंचावर) आहे का ते विचारा. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची झाली आहे. बिल त्यांनी मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, आठवड्याच्या आत पैसे. थोडं व्याज जातं, झोप येते.

कर्जविभाग
निवृत्त बँकवाला. खेळत्या भांडवलाला गुंतवणूकदार कशाला? नायक समितीच्या जुन्या पद्धतीने पुढच्या वर्षीच्या अंदाजी उलाढालीच्या २० टक्के बँक देते, ५ टक्के तुमचे. ५ कोटींचा अंदाज पटला तर १ कोटीपर्यंत सीसी (कॅश क्रेडिट) बसते, तुमचे २५ लाख. सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टच्या हमीवर तारणाशिवायही होतं. मशिनरीला पीएमएफएमई ही केंद्राची अन्नप्रक्रिया योजना अजून चालू आहे का बघा, त्यात ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. मात्र ९० दिवसांच्या वरची येणी बँक हिशेबात धरत नाही. गिऱ्हाइकाने पैसे अडवले की त्याच महिन्यात बँकही हात आखडते. शाखेत तीस वर्षं बघितलंय, माणसं तोट्याने बुडत नाहीत, त्या एका महिन्याने बुडतात.

न्यूजर्सीकर
माझ्या एक्स्पोर्टच्या प्रश्नाचं काय झालं?

बे_एके_बे
रुमाल टाकून बसा, नंबर येईल.

कोथरूडची_मावशी
मी पहिल्याच प्रतिसादात घेऊन टाक म्हणाले होते. आता गप्प बसते. (अवांतर: चितळ्यांनी एक ते चार बंद ठेवूनच एवढा धंदा केला ना?)

यंत्रमाग
मावशी, २०१७ पासून दुपारीही उघडं असतं. विनोद तेवढा बंद झालेला नाही.

भाकरतुकडा
तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. दाण्याचा सीझन होता.

धागा छापून काढला आणि घरी सगळ्यांसमोर वाचला. 'चार आया लागतील' ऐकून आई हसली आणि लगेच म्हणाली, "वही आणा." बावीस घाण्यांची नोंद झालीय. पावसाची हवा असली की ती दीड-दोन मिनिटं जास्त भाजते, हे तिलाच माहीत नव्हतं.

भावाचा चेहरा पहिले दोन दिवस उतरलेला होता. मग त्यानेच त्या मधल्या कंपनीचा ताळेबंद काढला. तो इथे लिहीत नाही, पण त्यानंतर त्याने स्वतःच फोन करून सांगितलं की आधी फक्त पुणे, ६ हजार पाकिटं, आणि दुसरी खेप पहिल्या खेपेचे पैसे आल्यावर. ते आधी नाही म्हणाले, चार दिवसांनी हो म्हणाले. ६ हजार आहे त्या शेडमध्ये दुसरी पाळी लावून निघतात, गाळा सध्या नाही. गुंतवणूकदारांना चहाला बोलावलं होतं. अण्णांनी विचारलं, तुम्ही किती वर्षांनी जाणार? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, सहा-सात. अण्णा म्हणाले, मग चहा घ्या.

पाऊच बदलला, पाकिटामागे १ रुपया ४० पैसे वाढले. मजुरीचं बे_एके_बे यांनी विचारलं होतं: दुसऱ्या पाळीला पाकिटामागे ९ ठरलेत, आणि मग पहिल्या पाळीच्या बायका म्हणाल्या आम्ही काय घोडं मारलं? त्यांनाही ९. म्हणजे जमाखर्च ताई, तुमच्या ८ चे आता साडेपाच राहिले, मला माहीत आहे.

पहिली खेप सोमवारी गेली. पैसे यायचेत. एक प्रश्न उरलाय: दुसऱ्या पाळीसाठी तिसरा डंका घ्यायचाय, जुना चालेल. कोणाकडे आहे का?

यंत्रमाग
अक्कलकोट रोडला आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक मसालेवाले बंद करतायत. दोन आहेत, एकाचं मुसळ झिजलंय. व्यनि (खासगी निरोप) करतो.

अन्नतंत्र
झिजलेलं घेऊ नका, लोखंडाचा कीस मालात उतरतो. कुठलंही घेतलंत तरी पुढे चुंबक लावा.

उंटावरून
नमुन्याची चार पाकिटं अजून आलेली नाहीत. ४५ दिवस धरू का?